डावीकडची जागा

मी तीन चाकांची गाडी बोलतेय. हसा, हसा, मला सवय आहे. सिग्नलला उभी राहिले की शेजारच्या गाडीतली माणसं काच खाली करून विचारायची, "चौथं चाक घरी विसरलात का?" मालक म्हणायचे, "स्पेअर म्हणून जपून ठेवलंय." आणि त्यांच्या डावीकडे बसलेली मालकीण तोंडावर हात ठेवून हसत राहायची.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. मालक शिलाई मशीन दुरुस्त करायचे, मालकीण कपडे शिवायची. पुढे तिचे गुडघे धरले. स्कूटरवर मागे बसणं जमेना, बसची पायरी चढणं तर दूरच. आता ही घरातच अडकून पडणार, या विचाराने मालकांच्या घशाखाली घास उतरेना. मग त्यांनी आपल्या स्कूटरचे सरळ दोन तुकडे केले आणि मला घडवायला घेतलं.

त्यांचा जुना दोस्त वेल्डर होता. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "दोन चाकं पुढे घे, एक मागे. वळता वळता ब्रेक मारलास की सगळं वजन पुढे येतं. तिथे एकच चाक असलं तर गाडी कुशीवर पडेल."

"स्कूटरचं तोंड हँडलसकट तयार आहे रे. ते मोडून नवं कुठे करत बसू?"

घ्या. माझ्या नशिबी पुढे एकच चाक आलं ते असं.

इंजिन मागे बसलं. मागची दोन्ही चाकं इंजिनाने फिरवायची तर मध्ये एक दात्यांचा डबा लागतो, कारण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त धावावं लागतं, आतल्याला कमी. तो डबा काही जमला नाही. मालकांनी साखळी एकट्या डाव्या चाकाला जोडली. डावं चाक ओढणार, उजवं नुसतं सोबत फिरणार. मालकीण म्हणाली, "आपल्या घरासारखंच झालं की. एकाने राबायचं."

"कुणी?" मालकांनी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

माझ्या स्प्रिंगासुद्धा तिला बसवूनच आवळल्या. "तू बस, मग बघतो किती दबतेय ते," असं म्हणत मालक पान्हा फिरवायचे. पहिली फेरी एकट्याने मारून बघतो म्हणाले, तर ही आधीच आत जाऊन बसली. "पडायचं तर दोघं पडू," म्हणाली. झालं. त्या दिवसापासून ती नसताना मी कधी रस्त्यावर गेलेच नाही. कापडाचे गठ्ठे आणायचे, शिवलेले कपडे पोचवायचे, बिघडलेली मशीनं उचलून आणायची, सगळीकडे दोघं बरोबर. लेक लहान होती तोवर आईच्या मांडीवर असायची. वाटभर भांडणंही व्हायची, पण उतरताना मालक आधी धावत डावीकडे येऊन तिला हात द्यायचे.

मग तापाचं निमित्त झालं आणि मालकीण गेली. अशी कशी गेली, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे कित्येक दिवस मी शेडमध्ये उभी होते. लेक परगावी नोकरीला होती, ती राहून परत गेली. एके सकाळी मालकांनी किल्ली लावली आणि पहिल्यांदाच एकटे निघाले. पहिल्याच डाव्या वळणाला माझं डावं चाक रस्ता सोडून वर उचललं गेलं. ताकद त्याच चाकाला, त्यामुळे ते हवेत गरगर फिरायला लागलं आणि इंजिन किंचाळलं. मालकांनी कसंबसं सावरलं. काहीतरी तुटलं असणार म्हणून तसेच मला वेल्डरकडे घेऊन गेले.

त्याने मला खालून वरून तपासलं. स्प्रिंगा दाबून पाहिल्या, साखळी पाहिली. हात पुसत म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही. वहिनी नाहीत."

मालकांनी डावीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"तू गाडीचा तोल त्यांना बसवून काढलास. त्या जागेवर वाळूचं पोतं टाक, चालेल पहिल्यासारखी."

"तिच्या जागेवर पोतं टाकू?" मालक म्हणाले आणि मला घेऊन निघून आले.

त्यानंतर त्यांनी डावीकडे वळणंच सोडलं. डावीकडचं दुकान असलं तरी तीन वेळा उजवीकडे वळून, अख्ख्या वस्तीला वळसा घालून जायचे. लोक म्हणायचे, "काका, रस्ता चुकलात काय?" ते म्हणायचे, "हवा खातोय." वेल्डर चिडायचा, लेक फोनवर रडकुंडीला यायची. पण माणूस एकदा हट्टाला पेटला की देवाचं ऐकत नाही, तिथे इतरांची काय कथा.

एक दिवस लेकीचा फोन आला, "बाबा, मी आलेय, स्टँडवर उभी आहे." त्या आनंदात ते सगळं विसरले. जवळच्या रस्त्याने सुसाट निघाले, डावीकडे वळले, समोर सायकलवाला आला आणि त्यांनी ब्रेक मारला. मी उजव्या कुशीवर आडवी झाले. मालकांचं कमरेचं हाड मोडलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर लेक म्हणाली, "एक पोतं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं, बाबा?" ते म्हणाले, "तुझी आई मग पूर्णच गेली असती गं." दोघंही रडले. मला शेडमध्ये ऐकू आलं.

आता गाडी चालवणं संपलंच. काल ते काठी टेकत माझ्यापाशी आले. उजवीकडे चढणं जमेना, म्हणून जन्मात पहिल्यांदा डावीकडे बसले. बसताक्षणी गुडघा पाइपावर आपटला. पुढच्या चाकापासून मागच्या इंजिनापर्यंत तिरका गेलेला पाइप तो, माझा सगळा भार त्याच्यावर. मालकिणीने त्यावर एक छोटी रंगीत गादी शिवून बांधली होती. शोभेला, म्हणाली होती. मालक ती कौतुकाने सगळ्यांना दाखवायचे.

काल त्यांनी ती चाचपली. आतला कापूस दबून सरकला होता आणि मधोमध गुडघ्याएवढा खळगा पडला होता.

"अगं, टोचत होतं तर बोलायचं नाही का?" ते म्हणाले. बराच वेळ त्याच खळग्यावर हात ठेवून बसले.

मला सगळं माहीत होतं. वळणावळणाला ती पाय आखडून घ्यायची. पण मला वाचा कुठे होती?

आज वेल्डर आलाय. तो म्हणाला, "हा पाइप कापला तर इंजिन खाली येईल. गाडी परत उभी राहायची नाही."

"कुठे जायचंय आता? तिचे पाय तरी सरळ होऊ दे."

लेकीने हळूच गादीची गाठ सोडवून गादी पोटाशी धरली.

मलाही तेच हवंय, खरं सांगते. येते मी. तुम्ही कुणासाठी प्रेमाने काही बनवलं असेल, तर एकदा त्याच्या जागेवर जाऊन बसा. ते माणूस आहे तोवर बसा.