बुडाशी तीन लाल ठिपके

जरा अलीकडं सरका, माउली. टाळ खाली ठेवा, सतरंजीवर ऐसपैस बसा. बुवा अजून चहा घेतायत, कीर्तन उभं राहायला वेळ आहे. तेवढ्यात एक गोष्ट ऐका. देवादिकांची नाही, मुकुंदवाडीच्या साहेबरावाची. छोटीच आहे, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

साहेबरावानं गाडीची किल्ली फिरवली तेव्हा आतून नुसतं टक् वाजलं. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. तिसऱ्या वेळी तेवढंही नाही. शेजारच्या सीटवर त्याची बायको गोजरबाई मांडीवर पितळेची गडवी धरून बसली होती. गडवीत पैठणच्या गोदावरीचं पाणी, वर तुळशीचं पान. देवगाव रंगारीहून सकाळीच फोन आला होता. गोजरबाईची थोरली बहीण आवडाबाई शेवटच्या घटका मोजत होती आणि पडल्या पडल्या एकच विचारत होती, गोजर निघाली का, गाडी आली का. आई लहानपणीच गेलेली. गोजरबाईला वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, लग्नाला उभी राहिली ती आवडाबाईच. तिच्या तोंडात पाणी घालायचा हक्क कुणाचा असेल तर तो गोजरबाईचा.

गल्लीतल्या दोघांनी धक्का मारून पाहिला. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. बॅटरी पार बसली होती. खरं तर बसायचं काही कारण नव्हतं, दिवाळीच्या तोंडावर तर नवी टाकलेली. साहेबरावानं लगेच कडुबाला फोन लावला.

आता कडुबा कोण ते सांगितलं पाहिजे. चिकलठाण्याच्या रस्त्यावर त्याचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. पण साहेबरावासाठी तो दुकानदार नव्हताच कधी. दोघं एका भजनी मंडळात, एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून टाळ वाजवणारे. साहेबराव कंपनीत फिटर होता तेव्हापासूनची ही जोडी. देवळात दरसाल सप्ताह बसतो. सप्ताहात वीणा अखंड उभी असते, ती भुईला टेकवायची नसते. पाळी संपली की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. साहेबरावानंतरची पाळी कडुबाची, ती कधी बदलली नाही. कडुबाच्या पायांची बोटंसुद्धा साहेबरावाला ओळखू यायची.

फोनवर कडुबा म्हणाला, "आत्ता आलोच बघ. तू दुसऱ्या कुनाला हात लावू देऊ नको, वॉरंटी जाती."

मग काय, साहेबराव दारात उभा राहिला. गोजरबाईनं एकदा म्हणून पाहिलं की आपण सरळ एसटीनं निघू या. साहेबराव म्हणाला, तो आलोच म्हणतोय ना. शेजारच्या सुदर्शननं आपल्या गाडीवरून वायर जोडून चालू करून देतो म्हटलं, तर त्यालाही यानंच अडवलं. कडुबाचा शब्द होता ना. ऊन ओट्यावरून अंगणात उतरलं. कडुबा आला नाही. नंतर फोनही उचलेना. शेवटी गोजरबाई गाडीतून उतरली, गडवी पदराखाली धरून रिक्षाच्या दिशेनं चालायला लागली, आणि साहेबराव तिच्यामागं गेला.

स्टँडवर देवगावची गाडी लागायला वेळ, कसाबखेडा फाट्यावर ऊस भरलेली ट्रॉली आडवी. ते पोचले तेव्हा घरात बायकांच्या रडण्याचा आवाज चढला होता. भाचा म्हणाला, मावशी, आत्ताच. कुठल्या बी गाडीचा आवाज आला की डोळे उघडायची.

गोजरबाईनं तरी बहिणीच्या ओठांवर पाणी सोडलं. ओठ मिटलेले. पाणी आत गेलं नाही, गालावरून ओघळून उशीत गेलं.

घरी परतताना ती नवऱ्याला एका शब्दानं काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर साहेबरावानं गाडीतली बॅटरी काढली. कडुबा दोनदा देवळाबाहेर दिसला होता आणि दोन्ही वेळा घाईत होता. पण साहेबरावाच्या मनात त्याच्याविषयी वाईट आलं नाही. माणूस अडकतो कुठंतरी, असंच तो म्हणत होता. कडुबाकडंच बॅटरी घेऊन निघालाही होता, तर गोजरबाई चपला घालून पुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, "ह्या बारीला दुसरीकडं दाखवू. मी बी येती."

सिडकोतल्या ज्या दुकानात ते गेले ते श्रेया नावाची पोरगी सांभाळायची. वडलांचं दुकान, बोलणं मोकळंढाकळं. साहेबराव स्टुलावर बसला, गोजरबाई उंबऱ्याखालच्या पायरीवर. श्रेयानं मीटर लावला, भुवया चढवल्या आणि ही किती जुनी म्हणून विचारलं. साहेबरावानं सांगितलं, नवीच, दिवाळीची, लेबल बघ की. श्रेयानं फडकं काढलं. बॅटरी नीट पुसावी म्हणून तिनं दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलली.

पायरीवरून गोजरबाई म्हणाली, "थांब बाई. तशीच धर."

बॅटरीच्या बुडाशी तीन लाल ठिपके होते.

हे ठिपके काय ते कळायला मागच्या सप्ताहात जावं लागतं. पंगतीला घरोघरची भांडी येतात, पराती, पळ्या, बादल्या. ज्यानं त्यानं आपापली नावं कोरलेली. गोजरबाईला अक्षर येत नाही, म्हणून ती प्रत्येक भांड्याच्या बुडाशी तांबड्या ऑइलपेंटचे तीन ठिपके देते. मागच्या सप्ताहात भर कीर्तनात लाइट गेली. साहेबरावानं आपल्या गाडीची बॅटरी काढून स्पीकरला जोडली आणि मग सप्ताह उठेपर्यंत रोज संध्याकाळी ती मंडपात जात राहिली. दुसऱ्या दिवशी घरातून नेताना गोजरबाईनं ती कलती करायला लावली आणि बुडाशी तीन ठिपके दिले. मंडळाचे सर्जेराव हसून हसून वाकले होते. म्हणाले, "वहिनी, बॅटरीतून काय वरण वाढायचंय का?"

देवाच्या कामात ती बॅटरी दमली ती दमलीच. गाडी कण्हत चालू व्हायची. म्हणून दिवाळीआधी साहेबराव कडुबाकडं गेला होता. गोजरबाई तेव्हाही म्हणाली होती की चार दुकानं बघा. साहेबरावानं तिला उडवून लावलं होतं. कडुबा असताना दुसरीकडं बघायचं म्हणजे देवळात बसून देव कुठं आहे विचारायचं, असं त्याचं म्हणणं. कडुबानंही म्हटलं होतं, गाडी ठेव नि तू जा, आज कीर्तन झकास आहे, ते सोडून इथं काय ग्रीसचा वास घेत बसतोस. साहेबराव गेला. कीर्तन खरंच झकास झालं. विषय निघाला होता विश्वासाचा, आणि साहेबरावाच्या डोळ्यांना धार लागली होती. परत आला तर गाडीत झळझळीत लेबलाची बॅटरी. जुनी बदल्यात घेतली म्हणून कडुबानं सांगितलं. साहेबरावानं त्याला मिठी मारली होती.

म्हणजे तो कीर्तनात रडत होता तेवढ्या वेळात कडुबानं त्याचीच बॅटरी धुतली, चार्ज केली, वर नवं लेबल डकवलं आणि त्यालाच विकली. चार बाजू बघितल्या, बूड तेवढं बघितलं नाही.

गोजरबाई उठली. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "माझाच रंग हाय," एवढंच म्हणाली आणि परत पायरीवर बसली.

श्रेयाला काय झालं ते उमगलं असावं. तिनं कुणाचं नाव विचारलं नाही. पाणी दिलं आणि नवी कोणती दाखवू म्हणाली. साहेबराव सवयीनं बोलून गेला, तूच दे बाई कोणती बी चांगली. पायरीवरून आवाज आला, "नाय. वाकून बघा. बघून घ्या."

मग त्यानं पाहिलं. श्रेयानं सांगितलं की लेबलावर जाऊ नका, तारीख प्लास्टिकच्या अंगातच ठोकलेली असते ती वाचा, महिन्या-दोन महिन्यांपूर्वीची असली की ताजी. वरच्या प्लस-मायनसच्या खुंट्या कोणत्या हाताला आहेत ते बघा, नाहीतर वायर पुरत नाही. गाडी महिन्यातून किती चालते ते विचारलं. स्पीकरचं कळल्यावर कपाळाला हात लावून हसली. "काका, ही घागर आहे, विहीर नाही. एका दमात जोर लावते, मग गाडी चालली की पुन्हा भरते. भजनाला इन्व्हर्टरची वेगळी बॅटरी घ्या मंडळातर्फे."

साहेबराव एकेका बॅटरीपुढं वाकत होता, चष्मा सावरत आकडे वाचत होता. आयुष्यात त्यानं मीठमिरचीसुद्धा कधी अशी पारखून घेतली नव्हती. प्रत्येक वेळी वाकताना आपण कुणाचा तरी अपमान करतोय असं त्याला वाटत होतं. नवी घेतली. श्रेयानं विचारलं, जुनी बदल्यात देता का. तो म्हणाला, नाही, ती मला पाहिजे.

ती घेऊन तो एकटाच कडुबाच्या दुकानात गेला. बॅटरी काउंटरवर कलती केली. कडुबानं ठिपके पाहिले. ते कुणाचे हे भजनी मंडळात कुणाला सांगावं लागत नाही.

कडुबा आधी हसायला बघत होता, ते जमलं नाही. मग म्हणाला, बॅटरी तशी चांगलीच होती, नुसती दमलेली. मग म्हणाला, तेव्हा हात फार अडचणीत होता. साहेबरावानं यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्यानं विचारलं ते एवढंच, "माझ्याशीच काहून, कडुबा?"

मग कडुबा खरं ते बोलला. "दुसरं गिऱ्हाईक समोर उभं राहून बघतं रं, सायबा. तू बघत नाय."

साहेबरावानं पुन्हा तोंड उघडलं. "त्या दिवशी आला नाहीस. तिची बहीन वाट बघत गेली."

कडुबाला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्यानं बॅटरी उघडू नये एवढ्यासाठीच त्यानं येतो म्हटलं होतं. साहेबराव बॅटरी तिथंच ठेवून बाहेर पडला.

घरी गोजरबाई म्हणाली, चारचौघांत सांगा, मंडळात सांगा. साहेबराव म्हणाला, सांगून आवडाबाई पाणी पिणार हाय का? त्यावर ती आत निघून गेली. पण एक प्रश्न दोघांच्याही मनात टोचत राहिला. सप्ताह तोंडावर आला होता. वीणा देताना कडुबाच्या पायांवर डोकं ठेवायचं होतं.

साहेबरावाची पाळी दुपारची. सर्जेरावांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवून वीणा त्याच्या गळ्यात घातली. मंडपाच्या पत्र्याखाली ऊन तापलेलं. साहेबराव उभा राहिला. तार छेडत राहिला. डोकं ठेवायचं की नाही, याचा निवाडा त्यानं तारेवर सोडून दिला होता. पाळी संपायच्या सुमाराला त्यानं मनाशी ठरवलं की ठेवायचं. माणसाच्या पायांवर नाही, वीणा घेणाऱ्याच्या पायांवर. ठरलं तसं त्याला हलकं वाटलं, आणि तो मंडपाच्या दाराकडं बघायला लागला.

कडुबा आला नाही.

सर्जेरावांनी माणूस धाडला, दुकानाला कुलूप. आपण घेतो म्हणून ते स्वतः पुढं झाले. साहेबरावानं मान हलवली. म्हणाला, "ज्याची पाळी त्यालाच देतो. येईल." आपल्याच तोंडचं हे येईल ऐकून तो दचकला. गाडी बंद पडली त्या सकाळी दारात उभं राहून तो हेच म्हणत होता.

कडुबाच्या पाळीचा पहाराही तसाच गेला. पाय जड झाले. खांद्याला वीणेचा कणा रुतला. लोक हरिपाठाला जमले, काही जण कुजबुजले, कडुबाला आज झालं तरी काय. साहेबरावाच्या सगळं तोंडाशी आलं होतं, त्यानं तार छेडली.

तेव्हा बायकांच्या बाजूनं गोजरबाई उठली. हातात तीच पितळेची गडवी, माठातल्या पाण्यानं भरलेली. त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याचे दोन्ही हात वीणेत गुंतलेले. तिनं गडवी उंच केली, त्यानं मान वर केली, आणि ती धार धरून त्याच्या तोंडात पाणी सोडत राहिली, सगळी गडवी रिकामी होईस्तोवर. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. मग गडवी पदरानं पुसून ती त्याच्या शेजारी उभी राहिली. दोघं दाराकडं बघत होते.

बुवा आले बघा, आता टाळ घ्या. मागणं एकच आहे. साहेबरावाला जपणारी आहे, कडुबाला त्याचं त्याचं मन आहे. तुम्ही आवडाबाईला आठवा. जय जय म्हणाल तेव्हा एक टाळ तिच्या नावानं वाजवा. कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं तिनं, गाडीच्या आवाजाला कान लावून पडली होती.