तपासणीच्या खोलीतला हिरवा पडदा

मी एक जुना हिरवा पडदा आहे. मित्रांनो, पडदा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर नाटकाचा पडदा येईल, नाहीतर खिडकीत वाऱ्याने फुगणारा. माझी लोखंडी चौकट तीन घड्यांची आहे, तिच्या पायांना छोटी चाकं आहेत, आणि माझं जवळजवळ सगळं आयुष्य एका लहानशा दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीत गेलं.

मी येण्याआधी त्या खोलीत एक टेबल होतं आणि टेबलासमोरच दार. वारा यायला दुसरी वाट नसल्यामुळे दार सदा उघडं. दाराबाहेर बाक. बाकावर बसलेल्यांना आत कोण झोपलंय, काय दाखवतंय, सगळं दिसायचं. बायका दारापर्यंत यायच्या, टेबलाकडे बघायच्या आणि "डोकं दुखतंय, गोळी द्या" म्हणून परत जायच्या. तरणी मुलं तर उंबरठाही ओलांडायची नाहीत.

मग एक नव्या डॉक्टरबाई बदलून आल्या. थोडे दिवस त्यांनी निमूट डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. एका दुपारी सिस्टरांना म्हणाल्या, "एवढ्या सगळ्या बायकांचं एकदम डोकंच कसं दुखतं हो?"

सिस्टर हसल्या. "डोकं कुणाचं दुखतंय, मॅडम. दुखतं ते सांगता येत नाही, म्हणून डोकं."

त्यावरून माझा जन्म झाला. चौकट वेल्डरने जोडली. कापड गल्लीतल्या शिंप्याने शिवलं. "झालर लावू का खाली? शोभून दिसेल," त्याने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शोभा नको. आरपार दिसता कामा नये, एवढंच बघा." शिंप्याने मला उजेडाकडे धरलं, मागे स्वतःचा हात हलवून पाहिला. बोटांची सावली दिसली तेव्हा त्याने सगळं उसवलं आणि कापड दुहेरी करून पुन्हा शिवलं. त्याने कंटाळा केला असता तर मी काही कामाचा झालो नसतो. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही.

माझ्यामागे आल्यावर लोक बोलू लागले. डोकेदुखी कमी झाली आणि खरी दुखणी बाहेर पडली. कुणाला खाज होती, कुणाला लघवीला जळजळ. कुणाला इतक्यात मूल नको होतं, तर कुणाला हवं असून होत नव्हतं. कोण काय म्हणालं ते मी सांगणार नाही. ज्या एका घराची गोष्ट सांगणार आहे, त्या घरातल्या मायलेकींनीच ती पुढे दहा जणींना सांगितली, म्हणून सांगतो.

रस्त्यापलीकडे इस्त्रीचं दुकान होतं. इस्त्रीवाला आणि त्याची बायको दोघंही दिवसभर उभं राहून कपड्यांना इस्त्री करायची. त्यांची मुलगी नववीत होती. एके दिवशी आई तिला घेऊन आली. मुलीच्या ओठांना रंग नव्हता.

"अंगात काही राहत नाही हिच्या," आई म्हणाली. "शाळेतही जात नाही नीट."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर बाकावर बसता का? मी तिच्याशी बोलते."

"मी आई आहे तिची. माझ्यासमोर बोलू दे की. माझ्यापासून काय लपवायचंय?"

"काही लपवायचं नसेलही. पण आधी एकटीला बोलू दे. तुम्ही समोरच बसा. पडदा खालून उघडा आहे, तुमच्या चपला तिला दिसत राहतील."

आई नाखुशीने बाहेर बसली. मुलीने माझ्याखालून त्या चपलांकडे पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "मॅडम, मी मरणार आहे का?"

तिची पाळी आली की थांबतच नसे. घरचे उठायच्या आधी ती चादर धुऊन टाकायची. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि सगळे गेल्याशिवाय उठायची नाही. शेजारणीने सांगितलं होतं, बाईच्या जातीला हे चालायचंच. म्हणून ती गप्प बसली होती.

"मरणार नाहीस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हे चालायचंच, असंही नाही. यावर औषध आहे. आईला किती सांगू?"

मुलगी विचारात पडली. "सगळं सांगा. फक्त मी घाबरले होते, ते नको."

रक्त तपासलं. ते फारच कमी भरलं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या आणि रक्तस्राव आटोक्यात आणायला दुसऱ्या गोळ्या. डॉक्टरबाईंनी आईला बाजूला बसवून स्पष्ट सांगितलं, "मूल लांबवायला बायका घेतात त्याच या गोळ्या. पण पाळीचा त्रास कमी करायलाही देतात. हिला त्यासाठीच दिल्यात." आईने पाकीट उलटसुलट करून पाहिलं, मान डोलावली आणि ते पिशवीच्या तळाशी ठेवलं.

औषध लागू पडलं. मुलगी शाळेत जाऊ लागली. पुढची पाकिटं न्यायला ती एकटीच आली, आणि तेव्हा घात झाला.

मित्रांनो, आमच्या सिस्टर मनाने लोण्यासारख्या, पण आवाज असा की कुजबुजल्या तरी रस्त्यावरचा कुत्रा मान वळवायचा. त्या दिवशी गर्दी होती. मुलगी पाकीट विसरून निघाली होती. सिस्टरांनी आतूनच हाक मारली, "अहो, ती गर्भनिरोधक गोळ्यांवाली मुलगी कुठे गेली? थांबवा तिला."

बाकावरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. त्यात इस्त्रीवाल्यांची शेजारीणही होती.

मी कापडच. नजर अडवतो, आवाज अडवता येत नाही मला. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं, 'इस्त्रीवाल्याची पोरगी कसल्या गोळ्या घेते ठाऊक आहे का?' आईने गोळ्या केरात टाकल्या. मुलीचं दवाखान्यात येणं बंद झालं, शाळाही सुटली.

काही आठवड्यांनी भर दुपारी इस्त्रीवाला तिला पाठुंगळी घेऊन धावत आला. तिची मान त्याच्या खांद्यावर लोंबत होती. "दुकानातच पडली," एवढंच तो बोलू शकला. डॉक्टरबाईंनी सलाईन लावलं, गाडी बोलावली आणि स्वतः सोबत बसून तिला मोठ्या इस्पितळात नेलं. मागे खोलीत सिस्टर एकट्याच उरल्या. माझी कड घट्ट मुठीत धरून त्या रस्त्याकडे बघत उभ्या होत्या.

मुलीला रक्त चढवलं, ती वाचली. ही बातमी आली तेव्हा सिस्टरांचा जीव भांड्यात पडला. त्यांना कुणी रागावलं नाही. त्याची गरजही नव्हती.

दोन-चार दिवसांनी त्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "काल माझे एप्रन घेऊन इस्त्रीला गेले होते. गिऱ्हाईक नाही असं बघून तिच्या आईला म्हटलं, चूक माझ्या तोंडाची होती. तुमच्या पोरीचं काही चुकलं नाही, गोळ्यांचंही नाही. शेजारणीलाही मी तोंडावर सांगून आले, की आजाऱ्याच्या औषधावरून गप्पा मारत नाहीत. नाव मात्र कुणाचं घेतलं नाही."

"मग? आई काय म्हणाली?"

"काही नाही. एप्रन मात्र झकास करून दिले."

त्यानंतर खोली बदलू लागली. मागच्या भिंतीला खिडकी पाडली, म्हणजे दार लावता येऊ लागलं. बाक उचलून पार टोकाला नेला. आत बोलावताना नंबर पुकारायचा, आजार नाही, असा नियम झाला. शाळा सुटल्यानंतरची वेळ फक्त तरुण मुलामुलींसाठी राखली, तेव्हा बाकीच्यांनी यायचं नाही. सिस्टरांनी आवाज इतका खाली आणला, की पहिला आठवडाभर लोक त्यांना घसा बसल्यावरचे उपाय सांगत होते.

आणि एके दिवशी इस्त्रीवाल्याची मुलगी आली. सोबत आई. मोठ्या इस्पितळानेही तिला त्याच गोळ्या लिहून दिल्या होत्या. या वेळी आई कुणी न सांगता बाहेर थांबली. मुलीची तपासणी झाली, ती हसत बाहेर गेली. मग दारातून आईने आत डोकावलं.

"बाई, माझंही एक होतं. वेळ असेल तर."

ती माझ्यामागे आली आणि हातातली पिशवी टेबलावर ठेवून पुन्हा उचलत राहिली. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही.

"हिच्या वेळच्या बाळंतपणापासून माझं अंग बाहेर येतं," शेवटी ती म्हणाली. "दिवसभर उभं राहायचं, जड इस्त्री ओढायची. संध्याकाळी चालवत नाही."

"इतकी वर्षं? कुणालाच सांगितलं नाहीत?"

"कुठे सांगणार? नवऱ्याला वाटतं माझे पाय दुखतात. रोज तेल लावून देतो बिचारा."

डॉक्टरबाईंनी तपासलं. एक लहानशी रबरी कडी आत बसवली, ती खाली सरकलेलं गर्भाशय जागेवर धरून ठेवते. काही व्यायाम शिकवले, आणि पुढे गरज पडली तर ऑपरेशनही करता येतं, हे समजावलं. आई उठली. दारापर्यंत चालत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग रडली. दुखण्याचं रडणं मी पुष्कळ ऐकलं होतं, हे तसलं नव्हतं.

जाताना तिने माझं कापड बोटांत धरून पाहिलं. "केवढा मळलाय हा. द्या इकडे, धुऊन आणते."

दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्याशेजारी तिच्या टेबलावर पसरलो होतो. इस्त्री अंगावरून फिरली तशी एकेक चुणी मोडत गेली. माझी शिवण कुठे उसवलीये तेही तिने पाहिलं आणि टाके घातले. तेव्हापासून महिन्यातून एकदा ती मला न्यायची. त्या बदल्यात कधी काही घेतलं नाही.

वर्षं गेली. खोलीत माझ्या जागी पक्की भिंत आली, तपासणीचं टेबल तिच्यापलीकडे गेलं. मला घडी करून कपाटामागे ठेवलं. खोटं कशाला बोलू, धुळीत उभं राहताना वाईट वाटायचं. पण भिंतीबद्दल मनात आकस नव्हता. भिंत आवाजही अडवते. मला न जमलेलं काम तिला जमत होतं.

एके दिवशी डॉक्टरबाईंनीच मला बाहेर ओढलं. त्यांचे केस पिकले होते. शाळांमध्ये जाऊन त्या आता मुलामुलींशी वाढत्या वयाबद्दल बोलायच्या: पाळी, शरीरातले बदल, आपल्या अंगाला कोण हात लावू शकतं आणि कोण नाही, मूल केव्हा हवं हे ठरवणं, आजार टाळणं. ज्याला एकट्याने विचारायचं असेल त्याच्यासाठी वर्गाच्या कोपऱ्यात मला उभं करायचं, असं ठरलं.

पहिल्याच शाळेत खेळाचे सर दाराशी हाताची घडी घालून उभे होते. सगळे त्यांना वाघ म्हणत. कुणी हसलं की ते डोळे वटारत, त्यामुळे वर्ग चिडीचूप. तरी एका मुलीने उभं राहून प्रश्न विचारला, मग एका मुलाने, मग थांबेनातच. माझ्याकडे कुणी फिरकलंही नाही. मला बरं वाटलं. चारचौघांत विचारता येत असेल तर मी घडी होऊन उभा राहीन की आनंदाने.

घंटा झाली, वर्ग रिकामा झाला. डॉक्टरबाई मला उचलायला आल्या, तेव्हा वाघ दार लोटून आत आले. शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "मॅडम, माझ्या एका मित्राला जरा त्रास आहे. बायकोलाही सांगायला लाजतो तो."

"हो का," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या तिन्ही घड्या उघडल्या, मागे खुर्ची ठेवली. "मित्राला इथे बसू द्या."

सर बसले.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. शरीराचं काही अडलं तर दुखणं पोटात ठेवून डोकेदुखीची गोळी मागू नका, विश्वासाच्या मोठ्या माणसाला विचारा, दवाखान्यात जा. आणि दुसऱ्या कुणाचं काही कानावर पडलं तर ते तिथेच राहू द्या. तो मित्र आता बरा आहे. काय झालं होतं, ते मात्र विचारू नका.