पोटातल्या सोनेरी सुया

मी एक स्फटिक बोलतोय. नितळ असतो, तर एव्हाना कुणाच्या तरी अंगठीत जाऊन बसलो असतो. पण माझ्या पोटात सुया आहेत. केसाहून बारीक, सोनेरी, रुटाइल नावाच्या खनिजाच्या. जमिनीखाली आधी त्या वाढल्या आणि मग मी त्यांच्याभोवती थरावर थर चढत गेलो. म्हणजे मूळ घर त्यांचं, मागून आलो तो मी!

खाणीतून गोणीत आणि गोणीतून खड्यांना पैलू पाडणाऱ्या एका वयस्कर कारागिराच्या टेबलावर आलो. त्यांनी मला डोळ्याजवळ नेलं आणि नाक मुरडलं.

"नुसता कचरा भरलाय," म्हणाले, आणि मला भंगाराच्या डब्यात टाकलं.

त्यांची सून शेजारीच खड्यांना पॉलिश करायची. सात वर्षं नुसतं पॉलिश. घडवायच्या चाकाला त्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. आता त्यांचे हात थरथरायचे, म्हणून महिनाअखेर कारखाना बंद करायचं ठरलं होतं.

तिने मला डब्यातून उचललं.

"बाबा, हा मी घडवू?"

"बिघडवशील."

"टाकलेलाच आहे ना? आणखी काय बिघडणार?"

"घे," म्हणत ते दुसऱ्या खड्याकडे वळले.

तिने पैलू पाडले नाहीत. मला घुमटासारखं गोल घासत गेली. पण सुयांचा कल चुकला. दिव्याखाली धरलं तर चमक एका कडेला घरंगळलेली. ती ओठ चावत बसली. मला वाटलं, संपलं आपलं. तिने मात्र सुया तळाला अगदी समांतर येईपर्यंत तळ पुन्हा घासला. मी जेमतेम निम्मा उरलो.

मग दिव्याखाली माझ्या पाठीवर, सुयांना आडवी, उजेडाची एक लखलखीत रेघ उमटली. मला कलवलं की तीही सरकायची, मांजराच्या डोळ्यासारखी.

सासऱ्यांनी मला कितीतरी वेळ इकडे तिकडे कलवून पाहिलं.

"कल कसा ओळखलास?"

"सुयांकडे बघून."

"मी चाळीस वर्षं त्या कापून फेकत आलो गं." ते चाकासमोरच्या खुर्चीवरून उठले. "बस इथे."

कारखाना चालू आहे. मला ती विकत नाही. मी खिडकीत असतो. लोक लांबून 'डागी' खडे घेऊन येतात. आज आलेल्या स्फटिकात पाण्याचा थेंब अडकलाय आणि थेंबात एक बुडबुडा. सासरे शेजारी बसून चाकावर पाणी सोडताहेत.

"तापू देऊ नकोस, फुटेल."

बाई गं, माझंही एवढंच मागणं आहे. चाक हळू चालव. ते आतलं पाणी तुम्हां सगळ्यांहून म्हातारं आहे.