डाव्या पायाचा सूड

मी लोटे बोलतेय. वय एकवीस, रंग तांबूस, जर्मनीत रेगेन्सबर्गजवळच्या एका कॉलेजच्या तबेल्यातली घोडी. सोशिक, प्रेमळ म्हातारी हवी असेल तर शेजारच्या ठाणात विचारा. मी सूड घेतलाय आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही.

२००३ साली धम्मदीपा इथे अश्वविद्येच्या पदवीला आली. तिचे वडील सुदाम इथल्याच मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर म्हणाले, "अगं, घोड्यांची डिग्री घेऊन काय टांगा चालवणारेस?"

"बाबा, बिट्टे, प्लीज!" एवढंच ती म्हणाली. मी मात्र त्यांच्यावर डूख धरला. टांगा म्हणे!

पोरगी आधी माझे खूर तपासायची, मगच खोगीर उचलायची. तिच्या तिसऱ्या वर्षी माझा पुढचा डावा पाय दुखायला लागला. तबेल्याचा प्रमुख होता क्राउझ. त्यानं डॉक्टर बोलावला नाही. रोज सकाळी कोंड्यात दुखणं दाबणारी पांढरी पूड कालवायचा आणि दिवसभर माझ्यावर विद्यार्थी चढवायचा. मीही निमूट खायची. दुखणं कुणाला हवं असतं?

एका संध्याकाळी पुडीचा अंमल उतरला आणि धम्मदीपाला माझं लंगडणं दिसलं. तिनं सांगितलं तर क्राउझ हसला.

"पुस्तकी डोळे! आल्झो, तर मग शेवटच्या परीक्षेत हिलाच तपास. बाहेरच्या परीक्षकांसमोर लंगडी म्हण आणि नापास हो."

परीक्षेच्या सकाळी कोंड्यात दुप्पट पूड होती. पाय ठणकत होता, तोंडाला पाणी सुटलं होतं. लंगड्या घोड्यांना खाटीक नेतो, हेही मला ठाऊक होतं. तरी मी बादली लाथाडली.

धम्मदीपानं मला फरसबंद अंगणात दुडक्या चालीनं पळवलं. जेवढं दुखत होतं तेवढं सगळं मी दाखवलं.

"पुढचा डावा," ती परीक्षकांना म्हणाली. "तो टेकला की डोकं वर जातं, बघा." मग ठाणातला सांडलेला कोंडा तिनं मुठीत आणला. त्यात पांढऱ्या गुठळ्या होत्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हातारी परीक्षक म्हणाली आणि क्राउझकडे वळली. त्याचा चेहरा त्या पुडीपेक्षा पांढरा पडला होता. काय सुख वाटलं म्हणून सांगू!

परीक्षा बघायला आलेले सुदाम कुंपणापलीकडून म्हणाले, "दीपा, मला तर काहीच दिसलं नसतं गं." जन्मभर मशीनमधले बिघाड शोधणारा माणूस! त्यांना मी तिथेच माफ केलं.

क्राउझची नोकरी गेली. मला खाटकाकडे धाडायचं ठरत होतं, पण धम्मदीपा अडून बसली आणि कॉलेजनं मला ठेवून घेतलं. आता ती इथेच शिकवते. डॉक्टर येतो, पाठीवर कुणी बसत नाही. वर्षातून एकदा नव्या मुलांसमोर मी वीस पावलं पळते आणि ती त्यांना विचारते, "कुठला पाय?"

यंदा रांगेतल्या एका मुलीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. "पुढचा डावा." हजेरीत तिचं आडनाव निघालं क्राउझ. त्याचीच मुलगी.

तिनं गाजर पुढे केलं. मी घेतलं, बोट न चावता. घरी जा पोरी, आणि तुला काय दिसलं ते बापाला सांग.