थरथरणारा काटा

मित्रांनो, पलंगाखाली वाकून बघितलेत तर मी दिसेन. मी एक जुना वजनकाटा आहे. पोटात स्प्रिंग, वर गोल तबकडी आणि तिच्यावर एक लाल काटा, एवढाच माझा संसार.

शिलाई मशिने दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने मला जुन्या बाजारातून घरी आणले. त्याची बायको कपडे शिवायची. ती अंगाने फार जड होती. गुडघे दुखायचे, झोपेत श्वास अडकायचा. जिना उतरणे तिने सोडूनच दिले होते. "अहो, मला काही नाजूक व्हायचं नाही," ती म्हणायची, "लेकीच्या शाळेपर्यंत चालत जाता आलं की बास."

ती पहिल्यांदा माझ्यावर उभी राहिली तेव्हा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकला. "बघा, यानंही हात टेकले!" म्हणून ती स्वतःच हसली.

मग वजन उतरावे म्हणून तिच्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. पोटावर लहान लहान छिद्रे पाडून आतले जठर कापले आणि अरुंद नळीएवढे ठेवले. डॉक्टरांनी बजावले होते, "उलट्या थांबल्या नाहीत तर वाट बघू नका, लगेच या." दवाखान्यात तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईवरही हीच शस्त्रक्रिया झाली. ती आता जिने चढते, असे ऐकतो. म्हणून मी शस्त्रक्रियेला बोल लावत नाही.

रोज सकाळी ती माझ्यावर उभी राहायची, लेक वाकून आकडा मोठ्याने वाचायची आणि घरात आनंदीआनंद व्हायचा. माझे एवढे कौतुक कधीच झाले नव्हते. नणंद म्हणाली, "वहिनी, आता मलाच तुझ्याशेजारी उभं राहायची लाज वाटते हं!" मग वहिनीने लेकीच्या शाळेपर्यंत चालत जाताना घालायचा आपला झगा बाहेर काढला आणि तो शिवून आत घ्यायला बसली.

उलट्या मात्र थांबत नव्हत्या. घोटभर पाणी पोटात ठरेना, गोळ्याही उलटून पडत. "होतं तसं सुरुवातीला," नवरा म्हणायचा, "काटा बघ ना, कसा झरझर उतरतोय!" आकडा बघून तीही डॉक्टरांकडे जायचे पुढे ढकलायची.

एका सकाळी काटा एका जागी थांबेना.

"बाबा, आकडा वाचताच येत नाही."

"मला तर दोन-दोन काटे दिसतायत," आई म्हणाली. सगळे हसले.

"स्प्रिंग ढिली झाली असणार," नवरा म्हणाला. यंत्र बिघडले की त्याला चैन पडत नसे. त्याने मला उलटे केले, खोलले, स्प्रिंग घट्ट केली, तेल घातले. दुसऱ्या दिवशीही काटा थरथरला. त्याने मला पुन्हा खोलले.

माझ्यात काहीच बिघडले नव्हते, मित्रांनो. तिचे पाय लटपटत होते. तिच्या तळव्यांवरून मला ते कळत होते. पण आकड्याशिवाय मला दुसरे काही बोलता येत नाही.

मग ती लेकीलाच "ताई" म्हणू लागली, आपल्या मोठ्या बहिणीला म्हणायची तसे. तेव्हा कुठे नवरा तिला घेऊन धावला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "उलट्यांमुळे एक जीवनसत्त्व अंगाला मिळालंच नाही. मेंदू उपाशी राहिला. इंजेक्शनं देतोय, पण तुम्ही फार उशिरा आलात हो."

ती घरी परत आली नाही. झगा मशिनवर तसाच आहे. एक बाजू आत घेतलेली, दुसरी तशीच सैल. लेक शाळेत एकटी जाते. नवरा मला पलंगाखाली ढकलून मोकळा झाला. त्याला मोकळे वाटत नाही, हे मला वर पलंगावर रात्रभर होणाऱ्या हालचालीवरून कळते.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल. त्याला जपून ठेवा, पण त्याच्यावर एवढा विश्वास टाकू नका. काटा थरथरला तर आधी वर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघा.

त्याने माझी दुरुस्ती केली, ती मात्र चोख. आता माझ्यावर कोणी उभे राहत नाही. काटा शून्यावर आहे आणि जराही थरथरत नाही.