पिठल्याचा पाहुणचार

कोल्हापुरात चहा स्वस्त आहे, पण चहाचे पैसे देणं हे जिवावरचं काम आहे. चौघे टपरीवर उभे राहतात, चहा संपवतात, आणि मग जी झोंबाझोंबी सुरू होते ती परगावच्या माणसानं पाहिली तर तो पोलिसांना बोलवायला धावेल. एक जण दुसऱ्याचा दंड धरून ठेवतो, तिसरा गल्ल्यावर नोट फेकतो आणि चौथा मालकाला दम देतो, "ह्याचं पैसं घेतलंस तर पुन्यांदा तुझ्या दारात पाय ठेवनार न्हाय, सांगून ठेवतो." भांडण असतं ते पैसे आपणच द्यावेत म्हणून. या खेळात फुलेवाडीचा आकाराम चौगुले कधी हरला नव्हता, आणि त्यापायीच तो कर्जात बुडाला होता.

आकाराम शिरोलीच्या एका फाउंड्रीत स्टोअरकीपर होता. पगार बेताचा, पण हात राजाचा. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, यातला प्रकार. दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा खरं तर तो पुरता रिकामा झाला होता. पण वास्तुशांत लहान करून चालतं का? पहिल्या दिवशीच्या गोड जेवणाला गल्ली आली. दुसऱ्या दिवशीच्या खाऱ्या, म्हणजे मटणाच्या जेवणाला, रश्श्याचा वास जिथपर्यंत गेला तिथपर्यंतचे सगळे आले. "जेवल्याबिगर जायचं न्हाय," असं आकारामनं रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोवाल्यालासुद्धा बजावलं. मंडपवाला, आचारी आणि मटणवाला दारात बसले तेव्हा बायकोनं, शालूनं, हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. त्या पतसंस्थेत तारण गेल्या. राहिलेलं देणं एका क्रेडिट कार्डावर गेलं. ते कार्ड स्टँडाजवळ एका टाय घातलेल्या पोरानं इतकं गोड बोलून दिलं होतं, की आकारामनं त्यालाही चहा पाजला होता.

दोन वर्षं व्याज फेडता फेडता नाकी नऊ आले. मुलीचा, स्वप्नालीचा, बारावीचा निकाल बघायला तो तिच्याबरोबर सायबर कॅफेत गेला. निकाल बघून झाला तरी अर्धा तास शिल्लक होता आणि पैसे तर आधीच दिलेले. तेव्हा पोरीनं त्याला ऑर्कुटवर खातं उघडून दिलं आणि तिथली एक कम्युनिटी दाखवली. नाव होतं ‘अंथरूण पाहून’.

नागपूर, सातारा, ठाणे, अगदी दुबईपर्यंतचे मराठी कर्जबाजारी तिथं जमले होते. कुणी कुणाला हसत नव्हतं. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत होती, त्यामुळे आकाराम प्रत्येक सल्ला एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचायचा आणि शेजारी बसलेल्या कॉलेजच्या पोरांनाही काटकसरीचं ज्ञान फुकटात मिळायचं. तिथला नियम एकच होता. खर्चाची हुक्की आली की आधी इथं लिहायचं आणि एक रात्र थांबायचं. बाकीचे समजूत घालायला असतातच.

सगळ्यात जास्त समजूत घालायच्या त्या मुंगीताई. खरं नाव कुमुद उमाठे, अमरावतीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. नवऱ्याच्या बुडालेल्या धंद्याचं कर्ज त्यांनी स्वतः फेडलं होतं आणि मग इतरांसाठी ही कम्युनिटी काढली होती. आकारामनं लिहावं, "साडूच्या पोराला सायकल घ्यावी म्हणतोय." लगेच मुंगीताईंचं उत्तर, "साडूला हात नाहीत का? खिशातला हात रिकामा काढा, भाऊ." त्यानं लिहावं, "गणपतीला यंदा पाच हजाराची वर्गणी द्यायला लागती, मंडळाचा मान हाय." मुंगीताई म्हणायच्या, "गणपती सगळ्यांचं बघतो, तुमच्या पावतीचा आकडा बघत नाही." आकाराम चरफडायचा, पण हात रिकामा निघायचा. सायबर कॅफेला तासाला पंधरा रुपये जातात, हेही त्यांनीच दाखवून दिलं. तेव्हापासून तो आठवड्यातून एकदाच जायला लागला.

असं करत कार्डाचं देणं संपलं, हातउसनं संपलं. राहिल्या फक्त पाटल्या.

पाटल्यांचं दुखणं पैशाचं नव्हतंच. शालूचं माहेर राधानगरीकडचं. बहिणी चार, आणि चौघींची नजर सोनाराच्या काट्यापेक्षा पक्की. पाटल्या गेल्यापासून माहेरात दोन लग्नं झाली आणि दोन्हीला शालू तापाचं निमित्त सांगून गेली नाही. ताप बरोबर हळदीच्या दिवशी चढायचा आणि वरात घरी गेली की उतरायचा. आकारामला ते कळत होतं. दोन्ही वेळा तो तिच्या उशाशी बसून थर्मामीटर झटकत राहिला होता, आणि त्याला स्वतःची लाज वाटली होती. आता येत्या गुरुवारी तिच्या सख्ख्या भावाच्या पोराचं, ऋतुराजचं, लग्न होतं. याही वेळी ताप आला असता तर माहेर तुटलंच असतं. पाटल्या सोडवायचे पैसे जुळले होते, कपाटात पाकिटात घालून ठेवले होते. सोमवारी पतसंस्था उघडली की काम फत्ते.

आणि नेमकं या शुक्रवारी मुंगीताईंनी कम्युनिटीवर लिहिलं, "शनिवारी नृसिंहवाडीला दर्शनाला येतोय. रविवारी कोल्हापुरात आकारामभाऊंकडे जेवायला. पिठलं-भाकरीच करायची हं, दुसरं काही केलंत तर उठून जाईन."

खाली सगळ्यांनी थट्टा मांडली. दुबईवाल्यानं लिहिलं, "कोल्हापूरकर पिठल्यावर थांबला तर मी दाढी काढीन."

आकारामनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा शालू पोळ्या लाटत होती. लाटणं हवेतच राहिलं.

"पिठलं? अमरावतीवरनं मानूस येतंय, आनि त्याच्या म्होरं पिठलं ठेवू?"

"त्यांनीच सांगितलंय की."

"पावणं सांगत्यातच तसं. सांगनं त्यांचं काम, न ऐकनं आपलं काम. किलो दीड किलो मटन आना, तांबडा-पांढरा रस्सा करते. परत जाताना त्यास्नी एक साडी. त्यांच्या मालकास्नी टोपी-टॉवेल."

"आणि पैसं?"

शालूनं हात पुसले, कपाट उघडलं आणि पाकीट त्याच्यापुढं ठेवलं. "ह्यातलं घ्या. पाटल्या काय पळून जात्यात व्हय? सोडवू की पुढल्या म्हयन्यात."

"आणि गुरुवारी?"

ती पोळी उलटत म्हणाली, "गुरुवारी मला जरा कसकसल्यावानी वाटायला लागलंय."

वास्तुशांतीला आपण एकटेच वेडे नव्हतो, हे आकारामला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. रोग दोघांनाही होता. मी औषध घेतलं, हिला कुणी दिलंच नाही. एरवी त्यानं हा पेच कम्युनिटीवर टाकला असता, पण वैद्यच पाहुणा होऊन येतोय म्हटल्यावर विचारायचं कुणाला? तो रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला आणि सकाळी म्हणाला, "शाले, पिठलंच कर."

रविवारी पाहुणे आले. स्वप्नाली त्या दिवशी मैत्रिणीकडं गेली होती. मुंगीताई ठेंगण्या, चटपटीत, खांद्याला कापडी पिशवी. उमाठेसाहेब उंच, शांत आणि स्पष्ट दिसण्याइतके भुकेले. दारातून आत येताना त्यांनी नाक वर करून हवेचा अंदाज घेतला. शेजारच्या धोंडुबाईंच्या घरी मटण शिजत होतं. साहेबांचा चेहरा खुलला.

"काल वाडीला दर्शन छान झालं," ते बसता बसता म्हणाले. "शनिवार होता, कडक पाळला. आज मात्र मोकळे आहोत."

ताटं आली. पिठलं, ज्वारीची भाकरी, खर्डा, कांदा, वर तेलाची धार. शालूनं ते पाहुण्यांपुढं ठेवलं तेव्हा तिची मान इतकी खाली होती, की जणू ती शिळं वाढत होती. आकाराम उगाच मोठ्यानं म्हणाला, "घ्या पावणं, हातानं फोडा कांदा!" कुणीच हसलं नाही.

मुंगीताईंनी एक घास घेतला. दुसरा घेतला. मग त्या स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायला लागल्या. साहेब तर उघडच बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"रस्सा मागून येणार आहे का?"

शालूनं पदर तोंडाला लावला. आकारामला वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "ताईंनी लिवलंतं म्हणून..."

मुंगीताई लालबुंद झाल्या. इतरांच्या खिशाला कुलूप लावणारी ती बाई चोरी पकडलेल्या पोरीसारखी भाकरीशी चाळा करू लागली. मग फिस्सकन हसली.

"खरं सांगू का भाऊ? यांना कोल्हापूरचा रस्सा खायची केव्हापासूनची हौस. त्यासाठी मी घरखर्चातून दर महिन्याला थोडे बाजूला टाकत आले. आणि निघायच्या आधी माझ्या मनात पाप आलं. मी ऐकून होते, की कोल्हापूरच्या माणसाला पिठलं कर म्हटलं की तो मटण करतो. म्हटलं, तुमच्याकडे झालं तर आमचे साठवलेले वाचतील."

"म्हंजे मी ऐकनार न्हाई, असं धरूनच आला व्हता?"

"हो ना! तुम्ही नेमके आजच सुधारलात!"

तेव्हा मात्र सगळेच हसले, शालूसुद्धा. उमाठेसाहेबांनी पिठल्याचं ताट मुकाट्यानं संपवलं, कारण अन्न टाकायचं नाही हा कम्युनिटीचा दुसरा नियम होता. मग ते उठले. "चला, आता आमच्या हौसेच्या पैशांनी खाऊ. चौघंही."

निघताना शालूनं आकारामला आत ओढलं आणि ते पाकीट त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबलं. "घरात नाक गेलंच. तिथं तरी राखा."

आण्णांची मेस जवळच होती. आण्णा आकारामला वीस वर्षं ओळखत होते. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. ताटं आली, तांबड्याच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या गेल्या. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलाही थांबत नव्हते. अमरावतीला तिखट खात नाहीत असं कुणी म्हणत नाही, पण हे प्रकरण वेगळं होतं.

जेवण झालं आणि आण्णा सवयीनं आकारामसमोर येऊन उभे राहिले. साहेबांनी पाकीट काढलं. आकारामचा हात आपोआप वर आला, खिशापाशी गेला. पैसे तिथंच होते, छातीला लागून. शालू समोरून डोळ्यांनीच खुणावत होती, काढा की. आजूबाजूच्या टेबलांवरची ओळखीची माणसं जेवता जेवता बघत होती. एरवी आतापर्यंत त्यानं साहेबांचा दंड धरून ठेवला असता.

शालू पाण्याचा तांब्या उचलत होती. मनगटावर काचेच्या दोन बांगड्या आणि त्यांच्या मागं नुसती रिकामी जागा. आकारामची नजर तिथं गेली. ही बाई गुरुवारी पुन्हा पांघरूण घेऊन झोपेल, आणि मी पुन्हा थर्मामीटर झटकत बसेन.

त्यानं हात रिकामा काढला.

"आण्णा," तो म्हणाला, आणि आवाज गरजेपेक्षा फारच मोठा निघाला, "आज पैसं पावणं देनार."

आण्णांनी त्याच्याकडं निरखून बघितलं. "आकाराम, तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय."

"न्हाय, काय असलं तर सांग. मी काय परका न्हाय."

"बरी हाय म्हंतोय की!"

साहेबांनी पैसे मोजले. आकाराम मान खाली घालून बसला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. कर्ज झालं तेव्हा वाटली नव्हती इतकी लाज पाहुण्याला बिल देऊ देताना वाटली. मुंगीताईंनी ते पाहिलं. त्यांनी फक्त त्याच्या पाठीवर एकदा थोपटलं.

पाहुणे गाडीत बसले. शालू घरापर्यंत चार पावलं पुढंच चालत राहिली. रात्री भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहाही तिनं बोलल्याशिवायच पुढं सरकवला.

सोमवारी आकारामनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी घरी आला तेव्हा शालू मोरीत कपडे धूत होती. त्यानं रुमाल सोडला आणि पाटल्या दगडावर, तिच्यासमोर ठेवल्या.

ती बघत राहिली. मग तिनं हात झटकून एक पाटली चढवायला घेतली. पाटली अंगठ्याच्या हाडाशीच अडली. पैसे वाचवायला तिनं धुण्याभांड्याची बाई बंद केली होती. एवढ्या दिवसांच्या कामानं हात रुंद झाले होते, सांधे सुजले होते. तिनं दोनदा जोर लावला. पाटली पुढं जाईना. तिचे डोळे भरले.

"र्‍हाऊ द्या," ती म्हणाली. "माजं हातच पाटल्यांचं र्‍हायलं न्हाईत."

आकाराम पाटावर तिच्यासमोर बसला. कपड्याचा साबण घेतला आणि तिचा हात आपल्या हातात धरून मनगटापर्यंत, बोटांपर्यंत फेस केला. असा हात त्यानं लग्नात धरला होता, नंतर कधी सवड झाली नव्हती. अंगठा तळव्यात मुडपून त्यानं पाटली हळूहळू सरकवली. शालू "आई गं" म्हणाली, आणि पाटली हाडावरून सटकन पलीकडे गेली. मग दुसरी. मग दुसऱ्या हाताच्या दोन्ही.

तिनं दोन्ही हात फेसासकट उजेडात धरून उलटसुलट करून बघितले. मग नवऱ्याकडं बघितलं, आणि कालपासून पहिल्यांदा नीट बोलली.

"आता ह्या निघायच्या न्हाईत. कुनी का पावणं येईना."