समोरची खिडकी

वणव्यात सगळी गल्ली राख झाली, पण शिंपीणकाकूंचा हट्ट तेवढा शाबूत राहिला. नव्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांना जुन्याच जागी हवी होती, शेजारणीच्या खिडकीसमोर.

"अहो काकू, समोर घरच उरलं नाही," गवंडी म्हणाला. "खिडकी कुणाला दाखवायची?"

"येईल ती. माझ्याशी भांडल्याशिवाय तिला अन्न पचत नाही."

खरं तर पचत कुणाला नव्हतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. स्वयंपाकाच्या धुरावरून दोघी वर्षानुवर्षं भांडल्या, आणि त्याच खिडकीतून वाटीभर साखरही एकमेकींना देत राहिल्या. कुणाची वाटी कुणाकडे राहिली, हे मात्र दोघी कधी विसरल्या नाहीत.

चौकट बसली त्याच दिवशी शेजारीण आली. अंगात कुणीतरी दिलेला ढगळ स्वेटर होता. शिंपीणकाकूंची जीभ शिवशिवली.

"आलात? आता तरी धुरांडं पलीकडून काढा. तुमच्या धुराने माझे पडदे पार काळे झाले होते."

आणि कमरेवर हात ठेवून त्या उत्तराची वाट बघू लागल्या.

शेजारीण नव्या खिडकीतून आपल्या रिकाम्या जागेकडे बघत होती. "आम्ही नाही बांधत, वहिनी. रानाला लागून असलेल्या जागा मोकळ्याच ठेवायच्या ठरल्यात, पुन्हा आग आत शिरू नये म्हणून. आम्ही आता लेकीकडेच राहू."

"आणि माझे पडदे?"

"चुकलंच हो आमचं."

इतक्या वर्षांत शेजारणीने पहिल्यांदाच माघार घेतली होती. ती निघून गेल्यावर गवंड्याने वीट उचलली.

"बुजवू का, काकू?"

शिंपीणकाकूंनी त्याच्या हातातली वीट काढून घेतली आणि खाली ठेवली.